‘बरी आहे’ या उत्तराच्या पलीकडे : केमोथेरपीच्या काळातली जीवनगुणवत्ता

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

 

विषयाचं नाव जरा जड आहे, म्हणून सुरुवात एका मावशींपासून करते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी पन्नाशीच्या, तालुक्याच्या गावाहून यायच्या. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं. ज्याला सगळे पेशंट ‘लाल औषध’ म्हणतात त्याचे चार डोस पार पडले होते आणि आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू होतं. असे बारा आठवडे. मी दर वेळी विचारायचे, “काय मावशी, काही त्रास?” त्या म्हणायच्या, “नाही, बरी आहे.” मी फाईलमध्ये लिहायचे, तक्रार नाही.

नवव्या आठवड्याला त्या आल्या तेव्हा उजव्या हाताला पट्टी होती. “भाकरी करताना पोळलं,” म्हणाल्या. आता ज्या बाईनं चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, तिला तवा पोळतो? सोबतची सून हळूच म्हणाली, “मॅडम, तव्याला हात लागला तरी त्यांना कळलंच नाही. महिना झाला, ब्लाऊजचे हुकही मीच लावते.”

म्हणजे बोटांच्या टोकांची संवेदना गेली होती. हा पॅक्लिटॅक्सेलचा माहितीतला दुष्परिणाम. पाठ्यपुस्तकात आहे, मला तोंडपाठ आहे. आणि मी आठ वेळा ‘तक्रार नाही’ असं लिहिलं होतं. आम्ही औषध थांबवलं, पुढचा बेत बदलला. बऱ्याच मुंग्या कमी झाल्या, पण सगळ्या गेल्या नाहीत. दोन वर्षांनी मावशी सांगत होत्या, थंडीत पायातली चप्पल निसटली तर चार पावलं गेल्यावर कळतं.

चूक मावशींची नव्हती. मी प्रश्नच असा विचारत होते की त्याचं उत्तर ‘बरी आहे’ हेच येणार. आज मला एवढंच सांगायचं आहे. जीवनगुणवत्ता ही उपचार संपल्यावर बघायची चैनीची गोष्ट नाही. ती उपचार चालू असताना, नेमके प्रश्न विचारून, मोजायची आणि लिहून ठेवायची गोष्ट आहे. ती मोजली नाही तर उपचाराचंही नुकसान होतं.

कोण ठरवणार, पेशंट कशी आहे ते?

भारतात २०२२ या वर्षासाठीचा ग्लोबोकॅनचा अंदाज असा की सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्यानं स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. मृत्यू सुमारे ९८ हजार. यातल्या खूप जणींना कधी ना कधी केमो घ्यावी लागते. कुणाला ऑपरेशनच्या आधी गाठ लहान करायला, कुणाला नंतर, आजार उलटू नये म्हणून. आणि कुणाला आजार हाडांत, फुप्फुसांत, यकृतात पसरलेला असताना, तो आटोक्यात ठेवायला. या तिघींचे हिशोब वेगळे असतात, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

केमोच्या अगदी पहिल्या काळात, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, डेव्हिड कार्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी एक मोजपट्टी तयार केली. १०० म्हणजे ठणठणीत, ० म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या अशा की कामावर जाऊ शकते का, स्वतःचं स्वतः करू शकते का, अंथरुणाला खिळली आहे का. ही मोजपट्टी आजही वापरतात, ती उपयोगाची आहे. पण गुण कोण देतो? डॉक्टर. पेशंट नाही.

मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की डॉक्टरला जे मोठं वाटतं ते पेशंटला मोठं वाटतंच असं नाही. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं. केमो घेणाऱ्यांनाच विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त छळतं काय? पहिल्या नंबरावर उलटी, मग मळमळ, मग केस गळणं. त्या काळी उलटीवर आजच्यासारखी औषधं नव्हती. ऑन्डान्सेट्रॉन, जी गोळी आज प्रत्येक केमोच्या पिशवीत असते, ती १९९० च्या सुमारास बाजारात आली.

याच कोट्स यांचा १९८७ चा दुसरा अभ्यास मला फार आवडतो. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या बायकांचे दोन गट केले. एका गटाला केमो सलग. दुसऱ्या गटाला तीन डोस देऊन विश्रांती, आजार पुन्हा वाढला की परत सुरू. तुम्हाला काय वाटतं, कुणाचं जगणं जास्त सुसह्य झालं असेल? कुणीही म्हणेल, विश्रांतीवाल्यांचं. औषध कमी, त्रास कमी. निघालं उलट. सलग औषध घेणाऱ्या बायकांनी स्वतः नोंदवलेलं जगणं जास्त चांगलं होतं, कारण आजाराचा त्रास आटोक्यात राहिला. याचा अर्थ केमो जितकी जास्त तितकी चांगली असा नाही हं. अर्थ इतकाच की घरी बसून अंदाज बांधू नये. विचारावं.

मोजायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनगुणवत्तेची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय साध्या शब्दांत सांगते. माणूस ज्या संस्कृतीत, ज्या मूल्यांत राहतो, त्याच्या ज्या अपेक्षा आणि काळज्या असतात, त्या सगळ्याच्या संदर्भात त्याला स्वतःचं जगणं कसं वाटतं, ती जीवनगुणवत्ता. यातला महत्त्वाचा शब्द ‘त्याला स्वतःला’. आपल्या बाबतीत ‘तिला स्वतःला’.

आता हे मोजतात कसं? त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. सगळ्यात प्रसिद्ध प्रश्नावली युरोपातल्या ई.ओ.आर.टी.सी. या संशोधन संस्थेची, १९९३ ची. तिचं नाव क्यूएलक्यू-सी३०, कारण प्रश्न ३०. त्याला स्तनाच्या कॅन्सरसाठी २३ प्रश्नांची पुरवणी १९९६ मध्ये जोडली गेली. या प्रश्नावल्या मराठीतही आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानं हिंदी आणि मराठी भाषांतरं आपल्याकडच्या बायकांवर तपासून बघितली आणि ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं.

प्रश्न कशाबद्दल असतात? पहिला भाग, तुम्ही काय करू शकता. चालणं, ओझं उचलणं, रोजचं काम. मग मन, म्हणजे काळजी, चिडचिड, उदासी. मग लक्ष लागणं, आठवणं. मग घरात आणि चारचौघांत वावरणं. दुसरा भाग त्रासाचा. थकवा, मळमळ, दुखणं, झोप, भूक, बद्धकोष्ठ, जुलाब, दम आणि पैशाची ओढाताण. हो, पैसा हा या प्रश्नावलीचा अधिकृत प्रश्न आहे. पुरवणीत शरीराबद्दलची भावना, हात, स्तनाची जागा, केस, लैंगिक आयुष्य, पुढची चिंता असे विषय येतात.

उत्तरं सोपी असतात. अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. बहुतेक प्रश्न गेल्या एका आठवड्यापुरते. त्यांचे गुण ० ते १०० मध्ये बसवतात. काम करण्याच्या भागात गुण जास्त म्हणजे चांगलं. त्रासाच्या भागात गुण जास्त म्हणजे वाईट. इथे खूप जण गोंधळतात, म्हणून सांगितलं. ५ ते १० गुणांचा फरक म्हणजे पेशंटला ‘थोडं बदललं’ असं जाणवतं. २० च्या वर गेला म्हणजे खूपच बदललं. म्हणजे हा नुसता आकड्यांचा खेळ नाही, आकड्यामागे तिला जाणवणारा बदल आहे.

एक कबुली. लैंगिक आयुष्याचे प्रश्न आपल्याकडे बायका सर्रास कोरे सोडतात. सासू शेजारी बसलेली, मुलगा फॉर्म भरून देतोय, मग कोण लिहिणार? कोऱ्या जागेचा अर्थ ‘त्रास नाही’ असा आम्ही घेतला तर ते पुन्हा माझ्या ‘तक्रार नाही’सारखंच झालं.

एकवीस दिवसांचं कॅलेंडर

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघू. लाल औषध, म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, सोबत सायक्लोफॉस्फामाइड. बहुतेक ठिकाणी दर २१ दिवसांनी एक, असे चार डोस. या एकवीस दिवसांचं एक कॅलेंडर असतं. ते पेशंटला आधी सांगितलं तर निम्मी भीती जाते.

पहिल्या दिवशी औषध. लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. पहिले तीन दिवस मळमळीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात. त्यामुळे उत्साह वाटतो, झोप मात्र उडते आणि मधुमेह असेल तर साखर वाढते. गोळ्या बंद झाल्या की चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस एकदम गळून जातो. पेशंट घाबरते, ‘काल तर बरी होते!’ घाबरू नका, हा त्या कॅलेंडरचाच भाग आहे.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तोंड येतं, तिखट सोडाच, वरण-भातसुद्धा झोंबतो. या काळात एक नियम घरातल्या प्रत्येकानं पाठ करावा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर घरात हवाच, हात लावून ताप बघू नका.

तिसरा आठवडा बहुतेकींना बरा जातो. तोंडाला चव येते, अंगात जोर येतो. आमच्या एक ताई त्याला ‘माहेरपणाचा आठवडा’ म्हणायच्या. लग्न, बारसं, गणपती, बँकेची कामं, सगळं या आठवड्यात बसवा. आणि मग पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा डोस.

हे सांगण्याचं कारण, जीवनगुणवत्ता कधी विचारली याला फार महत्त्व आहे. आम्ही डॉक्टर पेशंटला भेटतो एकविसाव्या दिवशी. म्हणजे ती सगळ्यात बरी असते तेव्हा. तिनं चौथा दिवस कसा काढला ते आम्हाला दिसतच नाही. ‘बरी आहे’ हे तिचं उत्तर त्या दिवसापुरतं खरंही असतं!

काही त्रास, जरा थांबून

मळमळ. आज उलटी बऱ्याच अंशी थांबवता येते, मळमळ थोडी चिवट आहे. ओलान्झापीन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. मुळात मानसिक आजारांसाठीची, पण मळमळीवर फार चांगली चालते. तिचा दोष असा की दुसऱ्या दिवशी गुंगी राहते. टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ठरलेल्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊन बघितली. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त तो अभ्यास आला. मळमळ-उलटीवर ताबा तितकाच, गुंगी बरीच कमी. घरी लहान मूल असलेल्या बाईला, सकाळी कामावर जाणाऱ्या बाईला, दिवसभर पेंगत न राहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण मळमळ होते हे सांगितलंत तरच आम्ही गोळी बदलू.

थकवा. याला साधा थकवा समजू नका. रात्रभर झोपूनही जात नाही तो हा थकवा. घरचे प्रेमानं म्हणतात, ‘तू फक्त पडून राहा.’ आणि नेमकं तेच चुकतं. २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’त ११३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. कॅन्सरच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपाय जास्त उपयोगी ठरले. व्यायाम म्हणजे जिम नाही. सकाळ-संध्याकाळ अंगणात, गच्चीवर, सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं चालणं, आणि जमेल तसं वाढवणं. आधी हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या.

मुंग्या. ‘मुंग्या येतात का?’ एवढंच विचारू नका. मंगळसूत्राचा फासा लागतो का? सुईत दोरा ओवता येतो का? नाणं आणि बटण हाताला वेगळं कळतं का? चप्पल पायात आहे हे न बघता कळतं का? हे प्रश्न मला मावशींनी शिकवले. कळत नसेल तर तवा, कढई, गरम पाणी यांपासून जपा, अनवाणी चालू नका आणि पुढच्या डोसाच्या आधी सांगा, नंतर नाही. या त्रासावर हमखास औषध नाही. वेळेवर डोस कमी करणं किंवा बदलणं हाच मुख्य उपाय आहे.

केस. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. भुवया, पापण्याही विरळ होतात. ‘जीव वाचतोय ना, केस काय परत येतील,’ असं आम्ही पटकन म्हणून जातो. एका सत्तरीच्या आजींनी मला गप्प केलं. म्हणाल्या, “माझ्या आत्याचे केस नवरा वारल्यावर काढले होते. मी लहान होते, दाराआडून बघितलं. माझे मालक बाहेर बसलेत आणि मी अशी.” त्यांना गळलेल्या केसांत केशवपन दिसत होतं. हळदीकुंकवाला जाणं त्यांनी सोडलं होतं. आता हे कुठल्या युरोपियन प्रश्नावलीत सापडणार? प्रश्नावली दार उघडते, आत जाऊन बसावं आपल्यालाच लागतं.

उपायांबद्दल सांगायचं तर डोक्याला थंड टोपी लावून केस टिकवण्याची पद्धत आहे. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात साधारण निम्म्या बायकांचे निम्म्याहून जास्त केस टिकले. लाल औषधावर तिचा परिणाम कमी होतो आणि ही सोय सगळीकडे नाही. विग, ओढणी, स्कार्फ किंवा सरळ पदर, जिला जे आवडेल ते. केस गळायला लागण्याआधी ते बारीक करून घेतले तर उशीवर पुंजके बघण्याचा धक्का कमी बसतो, असं खूप जणी सांगतात.

आणि जवळीक. केमोनं पाळी थांबू शकते, अंगातून वाफा येतात, योनीचा कोरडेपणा येतो, इच्छा कमी होते. तरुण मुलगी असेल, पुढे मूल हवं असेल, तर बीजांड किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या डोसाच्या आधी विचारा. नंतर उशीर होतो. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही. उपचारात गर्भधारणा टाळायची असते. त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या मात्र चालत नाहीत, डॉक्टरांना विचारून दुसरं साधन वापरा.

घर आणि पैसा

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे औषधाचा खर्च पुष्कळ जणींचा निघतो. पण एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, शहरातलं राहणं, हे कुणी देत नाही. परळला येणारे पेशंट दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात, ते उगीच नाही. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, फॉर्मवर हॉस्पिटलची सही लागते. हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो. पहिल्याच आठवड्यात तिथं जा. पैसे संपल्यावर जाऊ नका.

घराबद्दल एकच सांगते. काही घरांत डोसाच्या तिसऱ्या दिवशी बाई धुणं धूत असते. काही घरांत तिला तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. एक सासूबाई मला म्हणाल्या, “सगळे जपतात हो, पण मला माझ्याच घरात पाहुणी करून टाकलंय.” काम लादणं वाईट, आणि सगळं काम काढून घेणं हेही तितकंच. तिलाच विचारा, ‘यातलं काय तुझ्याकडे ठेवायचंय?’ कुणी म्हणेल पूजा, कुणी म्हणेल हिशोबाची वही, कुणी म्हणेल नातवाचा अभ्यास. ते तिच्याकडेच राहू द्या.

विचारल्यानं खरंच फरक पडतो?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ईथन बाश यांनी एक अभ्यास केला. स्तनाच्या कॅन्सरसह, पसरलेला कॅन्सर असलेले आणि केमो घेणारे ७६६ पेशंट. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटानं १२ नेहमीच्या त्रासांची नोंद कॉम्प्युटरवर करायची. त्रास वाढला की नर्सला निरोप जायचा आणि नर्स फोन करायची. बस, इतकंच. सहा महिन्यांनी नोंद करणाऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांची जीवनगुणवत्ता सुधारली होती, दुसऱ्या गटात १८ टक्के. ते केमोही जास्त काळ घेऊ शकले. २०१७ मध्ये त्यांनी पुढचे आकडे दिले. निम्मे पेशंट जिवंत असण्याचा काळ ३१ महिने विरुद्ध २६ महिने.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. नंतर अमेरिकेतच ५२ केंद्रांवर मोठा अभ्यास झाला. त्यात जगणं सुसह्य झालेलं पुन्हा दिसलं, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा ‘वही लिहा आणि पाच महिने जास्त जगा’ असं मी म्हणणार नाही. जगणं सुधारतं, एवढं मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि ऑपरेशन झालेल्या, बऱ्या होण्यासाठी केमो घेणाऱ्यांचं काय? इटलीत मिलान इथे बोनादोना यांनी अशा पेशंटचा २० वर्षं पाठपुरावा केला, १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ठरलेल्या औषधाच्या ८५ टक्के किंवा जास्त ज्यांना मिळालं, त्यांना चांगला फायदा. ६५ टक्क्यांहून कमी मिळालं, त्यांना जवळपास काहीच नाही. हा हिशोब मागे वळून केलेला आहे, म्हणून जरा जपून वापरायचा. पण आमच्या रोजच्या कामात दिसतं ते याच्याशी जुळतं. त्रास न सांगता सोसणारी बाई एक दिवस यायचीच थांबते. फोन केला की घरचे म्हणतात, ‘तिला आता नको वाटतंय.’ ज्या त्रासासाठी ती थांबली, तो कित्येकदा दहा रुपयांच्या गोळीनं कमी झाला असता.

उद्यापासून एक वही

शंभर पानी वही घ्या. रोज रात्री पाच ओळी. थकवा, मळमळ, दुखणं, झोप, मन. प्रत्येकापुढे ० ते ३. काही नाही तर शून्य, थोडं एक, बरंच दोन, खूप तीन. खाली एक ओळ : आज मला काय करता आलं नाही. लिहिता येत नसेल तर नातवंडाला लिहायला सांगा, त्यांना आवडतं. तीन आला तर त्याच दिवशी फोन. दोन सलग तीन दिवस आला तरी फोन. डॉक्टरकडे गेलात की आधी वही टेबलावर, मग रिपोर्ट.

आणि इथे कुणी डॉक्टर, नर्स ऐकत असतील तर त्यांना हात जोडून विनंती. ‘काही त्रास?’ हा प्रश्न बंद करा. ‘चौथ्या दिवशी काय खाल्लं?’ असं विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*काढे, पपईच्या पानांचा रस वगैरे घेतला तर चालेल का?*
मनानं घेऊ नका. केमोचं औषध यकृत आणि मूत्रपिंडातून जातं, वरून काय घेतलंय हे आम्हाला माहीत नसेल तर रिपोर्ट बिघडल्याचं कारण सापडत नाही. रागावणार नाही, पण सांगा. भूक आणि चव यासाठी ताजं शिजवलेलं, घरचं, धुतलेलं अन्न. डाळ, अंडी, दही, जे पचेल ते, थोडं थोडं.

*आईला आजाराचं नाव सांगितलेलं नाही. मग हे सगळं कसं विचारायचं?*
तिला बहुतेक माहीत असतं. वॉर्डातल्या शेजारणीनं सांगितलेलं असतं. ती तुमच्यासाठी गप्प असते आणि तुम्ही तिच्यासाठी. सुरुवात आजाराच्या नावानं करू नका, त्रासानं करा. ‘आई, रात्री झोप लागते का?’ इथून. बाकीचं ती स्वतःच काढेल.

*उपचार संपल्यावर सगळं पूर्ववत होतं?*
बऱ्याच गोष्टी काही महिन्यांत, वर्षभरात पूर्वपदावर येतात. केस येतात, कधी कुरळे येतात! थकवा, मुंग्या, विसरायला होणं हे काही जणींत रेंगाळतं. आणि मनाला कधी कधी शेवटच्या डोसानंतरच जास्त एकटं वाटतं, कारण दर तीन आठवड्यांनी भेटणारी माणसं एकदम दिसेनाशी होतात. म्हणून वही केमोबरोबर संपवू नका.

शेवटी मावशींचं सांगते. मागच्या वेळी तपासणीला आल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, मंगळसूत्राचा फासा लागतो का आता?” त्या हसल्या. म्हणाल्या, “लागतो. पण सुईत दोरा अजून नाही ओवता येत.” मी लिहून घेतलं. नऊ आठवड्यांत एकदाही न मिळालेलं उत्तर, एका नेमक्या प्रश्नानं मिळालं.